थरथरीचा हप्ता

भास्करदादांनी एसीच्या नळीला डाग द्यायला गॅसचा टॉर्च उचलला आणि सुदामच्या मनगटावरच्या घड्याळात कामाच्या विम्याचा हप्ता टुणकन वर उडाला. दादांच्या हाताची थरथर हातमोज्यातल्या सेन्सरने विमा कंपनीला कळवली होती. एका डागात महिन्याची कमाई जाणार!

“दादा, तुम्ही गाडीत बसा ना. इथं फार उकडतंय.”

ज्यांनी त्याला हा धंदा शिकवला, ते थोरले भाऊ हातमोजे काढून निघाले. हप्ता खाली आला. सुदामला हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

“ते कोण हो?” घरमालकीणबाईंनी विचारलं.

थरथरता कारागीर म्हटलं तर कामच जायचं.

“ड्रायव्हर.”

दादा अजून दारातच होते. ते अदबीनं वळले.

“साहेब, गाडी सावलीत लावू का?”