रेषेबाहेरचा बिंदू

"मोठ्यानं वाच रे. भिंतीला ऐकू गेलं पाहिजे," श्रीनिवास सर म्हणाले.

नीलकंठने उत्तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सरांची ही खोड आता त्याच्या अंगवळणी पडली होती. इंजिनिअरिंगच्या पोरांना वर्षानुवर्षं गणित शिकवून माणूस थोडा बहिरा होणारच. एरवी सर म्हणजे देवमाणूस. नीलकंठ गणितात एकदा आपटला होता. सोमवारी दुपारी पुन्हा तोच पेपर होता, आणि या खेपेला गेला तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं. वडील भुसावळला रेल्वेत गार्ड. आई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव पोराच्या इंजिनिअर होण्यात अडकलेला. म्हणून तर सर त्याला आठवडाभर काशीच्या संकठा घाटाजवळच्या आपल्या घरी बोलावत होते.

"घरून पत्र?" सरांनी विचारलं.

"बकुळताईचं आलं. बाबांना हल्ली लिहायचा कंटाळा येतो म्हणते."

"हं. पुढचं घे."

मधल्या दाराला कडी होती. पलीकडच्या खोलीत सर पाहुणे ठेवत, काशीत देह ठेवायला आलेले. हॉस्टेलची पोरं म्हणत, सर पाहुण्याच्या मरणाचा दिवस आधीच सांगतात, नातेवाइकांना तार वेळेत पोचते. नीलकंठला ते आठवलं की अंगावर काटा येई. त्यातून हा पाहुणा फारच मुका. आठवडाभरात एकदा खोकलासुद्धा नाही. फक्त नीलकंठ वाचायला लागला की पलीकडे खाट करकरायची.

सरांच्या पत्नी इंदूकाकू पाहुण्याकडची रिकामी वाटी घेऊन जिन्याकडच्या दुसऱ्या दारानं आल्या. "सहा," एवढंच सरांना म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सरांनी फळ्यावर आकडे मांडले. तीस, सत्तावीस, तेवीस, वीस, सोळा, एकोणीस, नऊ, सहा.

"रोज संध्याकाळचा एक. पहिला गेल्या शनिवारचा, शेवटचा आजचा. रेषा बसव आणि ती शून्याला कधी टेकते ते सांग."

नीलकंठने कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं. "सर, हे पाहुण्यांचं आहे?"

"पेपरात विचारणार आहेस का, कुणाचं म्हणून? मांड आराम से. घाई नाही."

मांडायला लागल्यावर मात्र त्याची भीती गेली. बेरजा जुळल्या, उतार निघाला. एवढं लांबलचक गणित पहिल्यांदाच फारसं न अडता सुटत होतं, आणि त्याला मनापासून आनंद झाला. अडला तो एकाच जागी.

"सर, गुरुवारचा बिंदू रेषेत बसत नाही. तो धरला तर सोमवारची रात्र उलटते. गाळला तर सोमवारी सकाळीच शून्य येतं."

"मग तू काय करशील?"

"गाळेन. सगळे उतरताहेत, हा एकटाच चढलाय. मोजताना चूक झाली असणार."

"नक्की?"

"नक्की, सर."

आजवर एवढं बरोबर उत्तर ऐकून सरांचा चेहरा कधी असा पडला नव्हता. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मी सोमवार संध्याकाळपर्यंत गप्प राहायचा शब्द दिला होता," ते म्हणाले. "आता तो निभत नाही."

"कुणाला, सर?"

सरांनी मधल्या दाराची कडी काढली. कापराचा वास आला. पलीकडची खाट हळूच करकरली.

"रेषा बरोबर आहे, नीलकंठ. मोजण्यातही चूक नाही," सर म्हणाले. "गुरुवारी तू उशिरापर्यंत थांबून अख्खा जुना पेपर मोठ्यानं सोडवलास, त्या दिवशी तुझे बाबा एकोणीस चमचे दूध प्याले."