कुंडीतली पिशवी

तिने कुंडी गॅलरीत उपडी केली, ढेकळं फोडली, मुळं झटकून पाहिली. तिने पुरलेल्या पिशवीचा मागमूस नव्हता.

मातीच्या हातांनीच तिने प्रयोगशाळेतल्या सरांना फोन लावला. "सर, गेली! पूर्ण कुजली!" सर इतक्या मोठ्याने हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. उद्याच्या बैठकीत पहिलं हेच सांगतो, म्हणाले. तिचं काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्याच बैठकीत ठरणार होतं.

पिशवीचं प्लास्टिक उसाच्या चोथ्यातून काढलेल्या साखरेचं, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य एरंडेलाचं. आई या सगळ्याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणायची, आणि तिचं अगदीच चूक होतं असं नाही. प्रयोगशाळेच्या उबदार पेटीत पिशवी कुजायची. पण घरच्या साध्या मातीत कुजली तरच खरी, हा लेकीचाच हट्ट.

त्या आनंदात तिने हात धुतले आणि आपणहून कपडे वाळत घालायला घेतले.

"आई, चिमटे कुठे आहेत?"

"दारामागे, पिशवीत."

दारामागे हात गेला आणि तिथेच थांबला. हा मऊपणा तिच्या ओळखीचा होता. तळाशी नमुन्याचा क्रमांक, तिच्याच अक्षरात.

"ही कुठे मिळाली तुला?"

"कुंडीतून कान वर काढून बसली होती. धुतली, वाळवली. इतकी चांगली पिशवी कुणी मातीत घालतं का गं?"

तिला हसू आलं आणि रडूही. "अगं, ती कुजली म्हणून मी सरांना सांगून बसले!"

"मग राहू दे की. मी काय कुणाला सांगायला जातेय?"

क्षणभर तिला ते पटलंही. मग तिने फोन उचलला.

"सर, नाही कुजली. आईने काढून धुवून ठेवली होती."

"बरं," सर म्हणाले. "उद्या आहे ते सांगू. पुढचं पुढे."

तिने चिमटे बादलीत ओतले, पिशवी कुंडीच्या पार तळाशी घातली आणि वरून माती दाबली. आई दारात उभी राहून हळहळत पाहत होती.

"आणि नाही कुजली तर?"

"तर तुझी."