न धरायचे नऊ सेकंद

कुमुदच्या टेबलावर सांडलेला चहा चार वाजून दहा मिनिटांनी कपात परत गेला आणि बशी कोरडी झाली. डोंगराखालच्या यंत्रात कणांची टक्कर झाली की पृथ्वी गडप होणार, अशी ओरड होती. प्रत्यक्षात त्या टकरीने रोज याच वेळी काळाचे फक्त नऊ सेकंद उलटे फिरत. आठवण सगळ्यांना राही, पण त्या पुसल्या जाणाऱ्या सेकंदांतलं बोलणं हिशेबात धरायचं नाही, असा रिवाज पडला होता. कचेरीतले लोक तेवढ्यात साहेबांना शिव्या देऊन घेत. शेजारच्या टेबलावरचे रघुवीर मात्र तीन वर्षं एकच विचारत, "लग्न करायचं का माझ्याशी?"

आजही विचारून झालं.

"न धरायच्या वेळेलाच बरं धाडस होतं तुम्हाला," कुमुद म्हणाली.

"नाही म्हणालात तर रोज शेजारी बसायचंय हो."

तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

"आत्ताचं धरतात ना? मग करायचं लग्न."