दंडावरचं अक्षर

नारीन नदीकाठच्या कुरणात गवताची कापणी चालली होती. भर उन्हात सगळे बाह्या सारून राबत होते. बेगायिमचा हात मात्र मनगटापर्यंत झाकलेला. पातळ कापडातूनही ऊन चावायला लागलं, तशी ती गंजीआड गेली आणि बाही वर सारून दंडावरच्या गोंदणाला घाईघाईनं सनस्क्रीन चोळू लागली.

"काय लपवतेस गं?"

मागे वडील उभे होते, हातात विळा. अंगावर गोंदून घेणारं पोर माझं नाही, हे ते आजवर साऱ्या गावाला ऐकवत आले होते.

"काही नाही, बाबा."

"दाखव हात!"

त्यांनी मनगट धरून हात ओढला. दंडावर तिरक्या अक्षरात एवढंच होतं, 'चहा ठेव, आलोच मी.' गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या लोंढ्यात गेलेल्या तिच्या भावाची, तिलेकची ही शेवटची चिठ्ठी. त्याच्याच अक्षरात, जशीच्या तशी.

वडील बराच वेळ वाचत राहिले. त्यांची मनगटावरची पकड सुटेना. बेगायिमनं डोळे गच्च मिटून घेतले.



ते सरकून तिच्या आणि सूर्याच्या मधे उभे राहिले. "सावलीत धर गं हात, पोरी. उन्हानं पुसट होईल त्याचं अक्षर."