परीक्षेची वेळ

पुण्यातल्या नोकरीची ऑनलाइन परीक्षा अर्ध्या तासावर आली होती आणि आश्लेषाच्या लॅपटॉपला वाय-फाय काही केल्या लागत नव्हतं. मोबाईलचं नेट तर त्यांच्या वाडीत येतच नाही. नवरा, अनीश, सकाळपासून तिच्यासाठी धडपडत होता. राउटर बंद-चालू करून झाला, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून झाला. शेवटी तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "जाऊ दे गं. नसेल पुणं आपल्या नशिबात." एवढा जीव लावणाऱ्या माणसाला इथे ठेवून आपण नोकरीला निघालो, याची तिला लाजच वाटली.

तरी तिने जवळच्या बोर्ली गावातल्या, वाय-फाय देणाऱ्या केबलवाल्याला फोन लावला. त्याने दुकानातूनच तपासलं.

"वहिनी, लाइन चांगली हाय. फक्त तुमचाच लॅपटॉप ब्लॉक केलेला दिसतोय. काल, अनीशदादांच्या मोबाईलवरनं."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला गं?" अनीशने काळजीने विचारलं.

लॅपटॉप पिशवीत घालून तिने स्कूटीची चावी उचलली. "बिघाड घरातच आहे म्हणाला."