घरचं अंग

मिरजेच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत सहदेव खराडे दरवर्षी उतरायचा आणि मागच्या रांगेतच राहायचा. "परदेशी स्टिरॉइडची इंजेक्शनं घे, नाहीतर जन्मभर असाच काटकुळा राहशील," असं जिममधले सुनावायचे. तो हसून पुन्हा वजनं उचलायला लागायचा.

यंदा कस्टमचे नियम कडक झाले. बाहेरून येणारा माल बंदरावरच अडकला आणि भल्याभल्यांची फुगलेली अंगं स्पर्धेपर्यंत ओसरली.

सहदेव मात्र होता तसाच होता. पहिल्या क्रमांकासाठी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो जागचा हललाच नाही. प्रेक्षकांतून बायकोने खणखणीत शिट्टी मारली, तेव्हा कुठे पुढे आला.

खाली उतरताच दरवर्षी जिंकणारा पाटोळे आडवा आला. सहदेवला वाटलं, आता हा भांडणार.

"इंजेक्शनं थांबली तसं अंग गेलं माझं," पाटोळे म्हणाला, "पण डोक्यातला रागही गेला. पोरगी मला भ्यायची, आता मांडीवर येऊन बसते. उद्यापासून मला शिकवशील?"

"उद्याचं उद्या बघू. आधी जिलेबी खाऊ, वर्षभर दोघांनीही तोंड बांधलंय," म्हणत सहदेवने त्याच्या गळ्यात हात टाकून त्याला हलवायाच्या दुकानाकडे ओढलं.