साठ ताटांची सरासरी

“उसळीच्या वाटीत आठ ग्रॅम प्रथिनं, आलूच्या भाजीत दोन,” अधीक्षक महादेवरावांनी कागद रंभाबाईंपुढे धरला. “सरासरी पाच. पाहिजेत सात. पहिल्या तारखेपासून स्वयंपाक ठेकेदाराकडे. समितीनं ठरवलं आहे.”

रंभाबाईंचा हात पातेल्यावरच थांबला. नागपूरच्या त्या वसतिगृहात बारा वर्षं त्या साठ मुलींचं रांधत होत्या.

जेवणाच्या रांगेतून गोपिका पुढे आली. दहावीतली, कळमेश्वरहून नुकतीच आलेली.

“सर, हे गणित चुकलं.”

“असं? काय चुकलं?”

“ताटात एकच भाजी मिळते. अर्ध्या जणी उसळ घेतात अन् अर्ध्या आलू, हे कोणी सांगितलं? घेणाऱ्या मोजल्या तर खरी सरासरी निघेल.”



“राहू दे वं पोरी,” रंभाबाई हळूच म्हणाल्या. “काहून भांडून राहिली?”

महादेवरावांनी चष्मा पुसला. “मोज. सात दिवस. सात ग्रॅम भरले तर रंभाबाई राहतील.”

दुसऱ्या दिवसापासून गोपिका वही घेऊन पातेल्यांशेजारी स्टुलावर बसली. हिशेब तिच्या बोटांवर नाचत होता.

“उसळ,” पहिलं ताट शामलाचं, तिच्या खोलीतल्या मुलीचं. “नीट लिही वं, मास्तरीणबाई.”

उसळ. उसळ. आलू. उसळ. चौथ्या दिवशी बरबटीच्या उसळीचं दुसरं पातेलं चढवावं लागलं. भिवापुरी तिखटाची फोडणी देताना रंभाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

आठवडा संपला. चारशे वीस ताटं. तीनशे अठ्ठ्याहत्तर उसळीची, बेचाळीस आलूची. सरासरी सात पूर्णांक चार दशांश.

महादेवरावांनी गुणाकार दोनदा करून पाहिला. मग ठेकेदाराचा कागद फाडला.

“समितीतल्या कुणालाही हे सुचलं नाही,” ते म्हणाले.

गोपिका त्या रात्री झोपलीच नाही म्हणा ना. एका मुलीनं, नुसत्या पेन्सिलीनं, अख्खी समिती फिरवली होती. बाबांना पत्र लिहिलं, तेही दोन पानी.

सकाळी ती ताट घेऊन ऐटीत रांगेत उभी राहिली. वही खोलीतच होती.

“मावशी, आलू,” पुढची शामला म्हणाली.

“आलू.” “मलेबी आलू.” “आलू, जास्त वाढा.”

बरबटीचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. गोपिकानं शामलाचा हात धरला. “उसळ नाही घेत?”

“सात दिवस गिळली ना वं,” शामला म्हणाली. “रोज सहाजणींलेच आलू, नाहीतर सर म्हणाले असते, ठरवून केलं. त्या सहा ताटांसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकत होतो.”